नावेत बसवताना ती काय म्हणाली

"सहादूपुढं असल्या मारामाऱ्या रंगवून सांगत जाऊ नको," आई मला म्हणाली होती. "बाकीचे बघतात. तो आयकतो."

मी तेव्हा माझ्या लेकीला, प्रज्ञाला, न्हाऊ घालत होते. तिच्या कानात पाणी जाऊ नये म्हणून माझं सगळं लक्ष तिच्या कानाकडे. हसून म्हटलं, अगं आई, सिनेमे असतात ते, आणि तुझा सहादू आता बावीस वर्षांचा घोडा झालाय, ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर आहे.  आईने मेथीची टोपली डोक्यावर घेतली आणि पंचवटीच्या बाजाराला निघून गेली.

हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणी म्हणायला नको की कुणाच्या काही लक्षातच आलं नव्हतं. आईच्या आलं होतं.

सहादू माझा धाकटा भाऊ. आमचं गाव देवळ्याच्या अलीकडचं. तिथं आमचे वडील धोंडीराम आणि त्यांचा चुलतभाऊ पुंजा यांची एक सामाईक विहीर होती. चार दिवस पाणी आमचं, चार दिवस त्यांचं. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात, आमच्या पाळीच्या दिवशी, पुंजाकाकाने इंजिन लावलं. वडील ते बंद करायला गेले, शब्दाला शब्द लागला आणि पुंजाकाकाने हातातली कुदळ वडिलांच्या डोक्यात घातली. आई बांधावर होती. तिने सगळं पाहिलं. मी तेव्हा अकरा वर्षांची, सहादू आठ.

कोर्टात आई म्हणाली, मी काही पाहिलं नाही. पुंजाकाका सुटला. आईने जमिनीचा वाटा तसाच सोडला आणि आम्हा दोघांना घेऊन नाशिकला आली. गावात तिला कुणी भित्री म्हणालं, कुणी विकली गेली म्हणालं. कॉलेजात असताना मलाही तिचा फार राग यायचा. एकदा तर तोंडावर विचारलं. ती भाजीच्या जुड्या बांधत होती, मान वर न करता म्हणाली, "साक्ष दिली असती तर तो आत गेला असता. मग त्याच्या पोरांनी सहादूला ठेवला असता का? मला हे पोरगं म्हातारं झालेलं बघायचंय. दुसरं काय नाय."

तिला एवढंच हवं होतं आणि पंधरा वर्षं ते नीट चाललं होतं. सहादू शिकला, आयटीआय झाला, कारखान्यात लागला. सकाळी कारखान्याच्या बसला जायचा, संध्याकाळी येऊन प्रज्ञाला खांद्यावर घेऊन वसाहतभर हिंडायचा. वडिलांचं नाव त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. मला वाटलं, विसरला.

आता माझ्या सांगण्याबद्दल. आमच्या वसाहतीत बायकांमध्ये बी.ए. झालेली मी एकटी. टीव्हीवर इंग्रजी काही लागलं की नवसाबाई दारातूनच हाक मारायच्या, चल गं, सांगायला ये. मी पडद्याशेजारी बसायची आणि जे चाललंय ते मराठीत सांगायची. अर्धं मला कळायचं, अर्धं मी माझ्या पदरचं घालायची, आणि खरं सांगते, पदरचं घातलेलंच लोकांना जास्त आवडायचं. रंगनाथ, म्हणजे प्रज्ञाचे बाबा, चिडवायचे की तुझ्या तोंडून ऐकला तर खराब सिनेमाही सुधारतो. मला ते आवडायचं. घरात दिवसभर मी प्रज्ञाचा ताप बघायची, तिच्या घशात काही अडकेल म्हणून शेंगदाणे वरच्या फळीवर ठेवायची, दार लावलंय ना हे तीनदा बघायची. पडद्याशेजारी बसले की मात्र मला कशाची भीती वाटायची नाही.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत प्रज्ञाचा पहिला वाढदिवस झाला. सहादूने मामा म्हणून हौसेने रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणला, रिक्षात मांडीवर धरून, जसं काही लहान मूल आणतोय. समाजमंदिरात रविवारी दुपारी वंदना झाली, चिवडा-पेढे वाटले, आणि सतरंज्या पसरल्या. दोन हिंदी कॅसेटी होत्या. तिसरी दुकानदाराने आपणहून घातलेली. इंग्रजी आहे पण फायटिंग भरपूर आहे, म्हणाला. आधी तीच लावा असा पोराटोरांनी गिल्ला केला.

तो वायकिंगांचा सिनेमा होता. वायकिंग म्हणजे कोण हे मलाही पुरतं माहीत नव्हतं. मी सांगितलं, बर्फाच्या देशातले दरोडेखोर, जहाजातून येतात. नवसाबाई म्हणाल्या, "इतक्या बर्फात राहून यांचं डोकं थंड कसं होत नाही गं?" आणि सगळं समाजमंदिर हसलं. दाढ्या, कातडी, कुऱ्हाडी. यांच्यात न्हावी नसतोच का, असं कुणीतरी मागून विचारलं. पुरुष भिंतीला टेकून, बायका मधे, आई दाराशी, सहादू अगदी पुढं, माझ्यापासून हातभर अंतरावर.

गोष्ट साधी होती. टोळीचा नायक समुद्रावरून परत येतो. त्याचा भाऊ किनाऱ्यावर त्याला मिठी मारतो आणि मिठीतच कुऱ्हाडीने मारतो. इथं हसणं बंद झालं. मी आईकडे पाहिलंच नाही. सांगत राहिले. नायकाची बायको आपल्या लहान मुलाला ओढत मासेमारांच्या नावेपाशी नेते, त्याला जाळ्यांखाली लपवते. पुढं तो मुलगा परक्या मुलखात गुलाम होऊन वल्ही मारतो, वीस वर्षांनी परत येतो आणि काकाच्या माणसांना एकेक करून संपवतो. शेवटी काका उरतो. तो म्हातारा झालेला असतो, किनाऱ्यावर जाळं विणत बसलेला. मुलगा त्यालाही मारतो. आमच्या इथं पोरांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या.

पण मला सांगायचंय ते त्या नावेपाशीचं.

तो प्रसंग सुरू झाला आणि प्रज्ञा कुत्र्याच्या भुंकण्याने दचकून रडायला लागली. मी तिला छातीशी घेतलं, घसा तपासला, बोट घालून पाहिलं की काही गिळलंय का. मान वर केली तेव्हा ती बाई पोराचं तोंड दोन्ही हातांत धरून बोलत होती, आणि तिचं बोलणं संपत आलं होतं. लाटांचा आवाज, वारा, त्यांचे ते जड इंग्रजी उच्चार. एक अक्षर माझ्या कानात शिरलं नाही.

"काय म्हणती गं ती?" नवसाबाईंनी विचारलं.

मला नाही कळलं, एवढंच म्हणायचं होतं. पण सगळी माणसं माझ्याकडे वळली होती आणि मी आजवर कधी तसं म्हटलं नव्हतं.

मी म्हणाले, "ती म्हणते, बाळा, तुझ्या बापाचं रक्त या वाळूत मुरलंय. तू ते विसरू नकोस. मी बाईमाणूस, मला गप्प बसावं लागतंय. पण मी गप्प का बसले हे तू मोठा झाल्यावर ओळख, आणि माझ्या मनातलं कर."

कुठून आलं ते? तेव्हा मला वाटलं, सुचलं. कॉलेजातल्या त्या वर्षांत आईच्या तोंडून मला जे ऐकायचं होतं आणि तिने जे कधी म्हटलं नाही, ते मी त्या परक्या बाईच्या तोंडात घातलं. नवसाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सहादू पडद्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

सगळं आवरल्यावर आई सतरंजी झटकत माझ्याजवळ आली. हळूच विचारलं, "त्या बाईनं खरंच असं म्हटलं का गं?"

मी म्हटलं, हो.

आईने सतरंजीची घडी घातली. मग म्हणाली, "मग तिला पोरगं नको होतं."

त्यानंतर पंधराएक दिवसांनी सहादू ओट्यावर बसला होता, प्रज्ञा त्याच्या पायात खेळत होती. मला म्हणाला, ताई, त्या सिनेमातली आई नावेपाशी काय म्हणाली ते पुन्हा सांग ना. मी भाजी चिरता चिरता पुन्हा सांगितलं. माझं पाठ होतं. दुसऱ्यांदा सांगताना आणखी नीट बसलं. तो म्हणाला, "आपली आई पण कोर्टात गप्प बसली होती." मी म्हटलं, हो रे, काय करणार बिचारी. आणि फोडणीला उशीर होतोय म्हणून आत गेले.

मी किती जपणारी बाई. पोरीचं नख वाढलं तरी मला दिसायचं.

एप्रिलमध्ये, आठवडी सुट्टीच्या दिवशी, तो मित्राकडे पिंपळगावला जातो म्हणून निघाला. डबाही नेला. तो गावाला गेला. उन्हाळ कांदा निघाला होता. पुंजाकाका कांदाचाळीपुढं पोत्यावर बसून कांदा निवडत होता, साठी उलटलेला, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्याची बायको कुसाबाई आत पाणी आणायला गेली होती. सहादूने त्याला नाव सांगितलं म्हणतात. धोंडीरामचा मी. पुंजाकाकाने कपाळावर हात धरून बघितलं आणि म्हणाला, ये, बैस, चहा ठेवायला सांगतो. तिथलीच कुऱ्हाड होती, चाळीच्या बल्ल्या तासायची.

मग सहादू तिथंच बसून राहिला. कुसाबाई ओरडत बाहेर आली, माणसं धावली, तो उठला नाही. पोलिसांनी नेलं तेव्हा डबा न उघडलेलाच होता.

दवाखान्यात नेता नेता पुंजाकाका गेला.

कोर्टात न्यायाधीशांनी कारण विचारलं. आमच्या वकिलाने सहादूला काही बोलू नको म्हणून पढवून ठेवलं होतं, तरी तो बोलला. "माझ्या आईची तशी इच्छा होती," म्हणाला. "ती बोलू शकत नव्हती." मी आणि आई मागच्या बाकावर होतो. मला वाटलं आई आता उठेल, म्हणेल, नाही रे बाबा, कधीच नव्हती. ती उठली नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, तू बोलली का नाहीस? म्हणाली, सगळ्यांपुढं त्याला खोटा पाडू का? पुन्हा एकदा त्याच कोर्टात तिने काही पाहिलेलं नव्हतं, असंच समजा.

जन्मठेप झाली. आईच्या मनात जे एक होतं, ते संपलं. म्हातारा तो आता होईलही, पण आई ते बघायला नसेल.

त्यानंतर वर्षभराने मी त्या दुकानात गेले. कॅसेट तशीच होती, वरचं चित्र उन्हाने फिकट झालेलं. नवसाबाईंच्या जावयाकडे व्हिडिओ आला होता. दुपारी तिथं कुणी नसतं. प्रज्ञाला झोपवलं, खिडक्या लावल्या आणि एकटीने सिनेमा पाहिला.

कुणी मला विचारलं नाही, पण माझं मत सांगते. सिनेमा वाईट नाही. रक्त फार आहे, कारण नसताना कॅमेरा जखमेत नाक खुपसतो, आणि मधला अर्धा तास नुसती कापाकापी आहे, ती काढली असती तर बरं झालं असतं. पण करणाऱ्याला काहीतरी माहीत होतं. प्रत्येक मेलेल्या माणसामागे तो क्षणभर थांबतो, त्याचं कुत्रं दाखवतो, त्याची चूल दाखवतो. म्हातारा मरतो तेव्हा संगीत नाही, नुसता वारा. मुलगा ते अर्धवट जाळं उचलतो, हातात धरून उभा राहतो, कुठं ठेवावं ते त्याला कळत नाही. तिथं सिनेमा संपतो. आम्ही तिथं टाळ्या वाजवल्या होत्या. शिट्ट्यांच्या आवाजात मी सांगितलं होतं, बघा, बापाचं ऋण फेडलं.

आणि ती नाव. मी चार वेळा मागं नेऊन ऐकलं. कान पडद्याला लावून. ती बाई म्हणते, परत येऊ नकोस. माझा चेहरा विसरावा लागला तर विसर. कुणी विचारलं तर बापाचं नाव सांगू नकोस. जा, आणि म्हातारा हो.

हे आईने मला मराठीत केव्हाच सांगितलं होतं. जुड्या बांधता बांधता.

मी गप्प राहायला हवं होतं. तेवढं जर मी आईकडून शिकले असते तर. पण मला ते पेलवेना. रात्रंदिवस छातीवर धोंडा. रंगनाथ म्हणाले, सहादूला सांगून काय मिळणार आहे, तू मोकळी होशील, त्याचं काय? मी ऐकलं नाही.

नाशिकरोडच्या तुरुंगात मुलाखतीला गेले, प्रज्ञाला घेऊन. जाळीपलीकडे तो उभा होता. बरा दिसत होता. तिथल्या सुतारखात्यात काम मिळालंय म्हणाला, हातावरचे फोड दाखवले, प्रज्ञाला जाळीतून बोट दिलं. मग म्हणाला, आईला म्हणावं, काळजी करू नको, तिच्यासाठी केलंय, मला जड जात नाही.

तेव्हा मी सांगितलं. त्या दिवशी मला ऐकू आलंच नव्हतं. ते मी मनाने म्हटलं होतं. सिनेमातल्या त्या बाईने असं काही म्हटलं नव्हतं, आणि आपल्या आईच्या मनातही कधी तसं नव्हतं.

त्याने प्रज्ञाच्या हातातून बोट काढून घेतलं. आवाज चढवला नाही.

"मग ती काय म्हणाली होती?"

मी सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द.

तो ऐकत राहिला. "मला बैस म्हणाला होता तो," एवढंच म्हणाला. "चहा ठेवतो म्हणाला होता." आणि वेळ संपायच्या आधीच मागं वळला.

त्या भेटीला आठ महिने झाले. त्यानंतर तो जाळीपाशी आलेला नाही. आम्ही जातो, नाव देतो, बसतो, आतून निरोप येतो की भेटायची इच्छा नाही. पत्रांना उत्तर नाही. पूर्वी त्याला धरायला काहीतरी होतं, खोटं का असेना, आईसाठी केलं हे. ते मी माझ्या हाताने काढून घेतलं, माझी छाती हलकी व्हावी म्हणून. ती हलकी झाली का, हे विचारू नका.

आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं तो तिच्यावर रागावलाय, साक्ष दिली नाही म्हणून. दर महिन्याला ती शेंगदाण्याचे लाडू बांधते, नाशिकरोडला नेते, तासभर बाकावर बसते आणि परत आणते. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर म्हणते, पोराला काम लय असतं आत. हे छापून आलं तर तिला वाचता येणार नाही. नवसाबाईंची सून वाचून दाखवेल. दाखवू दे. मला तोंडाने सांगायचं धैर्य नाही.

तुमच्यापैकी कुणाचा भाऊ, नवरा, मुलगा तिथं असेल. कुणी शिकवायला जात असेल, कुणी वंदनेला जात असेल बुद्धपौर्णिमेला. आत गेलात तर सुतारखात्यात विचारा, सहादू धोंडीराम कोणता. उंच आहे, बोलायला थोडा हळू. त्याला काही समजावू नका, माझ्यासाठी रदबदली करू नका. फक्त जेवतो का ते बघा. रात्री झोप लागते का ते त्याच्या शेजारच्याला विचारा. आणि जे असेल ते मला कळवा, जसंच्या तसं.